फॅमिली क्रूझ आणि आमच्या वयाची माणसं

क्रूझच्या जाहिराती नीट बघा. घसरगुंडीवरून पाण्यात पडणारं एक पोरगं असतं, सूर्यास्त बघत ग्लासाला ग्लास लावणारं नवं जोडपं असतं आणि टोपी-गॉगलवाले हसरे आजी-आजोबा असतात. आईबाबांच्या मागून सगळ्यांच्या पिशव्या उचलून चालणारा, दाढीवाला, नोकरीवाला, चोवीस वर्षांचा इसम त्यात कुठेच नसतो. बरोबरच आहे म्हणा, त्याचं तोंड बघून कोण तिकीट काढणार.

तर बाबा रिटायर झाले. युरोप नको कारण तिकडे फार चालवतात, केरळ झालंय, मग मावशीच्या नणंदेने क्रूझचं डोक्यात भरवलं आणि मुंबई-गोवा-मुंबई असं बुकिंग झालं, आई, बाबा, आजी आणि मी, चौघांत एक केबिन. त्यात मामाला उत्साह आला. त्याने राममारुती रोडवरून टी-शर्ट छापून आणले. बाबांच्या पाठीवर 'कॅप्टन', आईच्या पाठीवर 'कॅप्टनची बॉस', आजीच्या पाठीवर 'नांगर' आणि माझ्या पाठीवर, मी ऐरोलीत चार जणांची टीम सांभाळतो हे लक्षात घ्या, 'छोटा खलाशी'. साईझ एक्सएल.

बाबांच्या हिशोबाने ट्रॅफिक लागणारच होतं म्हणून आम्ही ठाण्यातल्या पाचपाखाडीतून इतक्या लवकर निघालो की नितीन कंपनीला हायवेला लागलो ते फ्रीवे उतरून बॅलार्ड पिअरपर्यंत कुठे थांबलोच नाही, आणि मग टर्मिनलवर बॅगांवर बसून राहिलो. ते जाऊ दे.

सगळी बोट एका जागी दिसते ती फक्त सेफ्टी ड्रिलला. भोंगा वाजतो, सात छोटे आणि एक लांब, आणि सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं. बाबांनी यूट्यूबवर क्रूझचे यच्चयावत व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे ते शेजारच्यांना सांगायला लागले की ही ड्रिल आधी बोट सुटल्यावर चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालायची, पण २०१२ ला इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला लागून आडवी झाली, त्यानंतर नियम बदलला आणि आता सुटायच्या आधीच किंवा सुटता सुटता घ्यावी लागते. आजीला इटलीचं काही नव्हतं, तिच्या डोक्यात रामदास बोट. १७ जुलै १९४७, रेवसला निघालेली, सहाशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा तान्ह्यातून नुकती उठलेली, पण कोकणातल्या घरांत ती बोट वर्षानुवर्षं बुडत राहिली. त्यामुळे स्टाफची मुलगी लाईफ जॅकेट फक्त दाखवत होती तरी आजीने ते मागून घेतलं, घातलं, पट्टे आवळून घेतले आणि चहा होईपर्यंत काढलं नाही.

मी मात्र त्या गर्दीत आपल्या वयाचं कोण आहे ते बघत होतो. होते की! मधेमधे, आपापल्या खानदानात अडकलेले. एक मुलगा दोन्ही खांद्यांवर भाची-भाचे घेऊन उभा. एक मुलगी भिंतीला पाठ लावून सरकत सरकत चाललेली, मला आधी कळेना का, मग वळली तेव्हा पाठीवर वाचलं, 'आत्याची लाडकी'. मी पण जरासा वळलो. तिने 'छोटा खलाशी' वाचलं आणि मान हलवली. या ट्रिपमधला पहिला माणुसकीचा क्षण.

आता प्रॉब्लेम असा की हे सगळे गेले कुठे. बोट म्हणजे मजल्यांवर मजले, फोनला रेंज नाही, कोणाचं नाव माहीत नाही. लहान मुलांना क्लब असतो. बाहेरच्या मोठ्या क्रूझवर तर सतरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी पण वेगळा क्लब असतो म्हणे, त्यांचे टेबल टेनिस, त्यांचे गेम, आतमध्ये आईबापांना बंदी. अठरावं लागलं की तुम्ही अडल्ट, म्हणजे जा आणि सत्तर वर्षांच्या माणसांबरोबर तंबोला खेळा. आमची गत लग्नातल्या त्या पोरांची, ना वाढप्यांत ना पंगतीत. आणि बार म्हणाल तर महाराष्ट्रात बिअर-वाईनला एकवीस लागतात आणि बाकीच्याला पंचवीस, मी चोवीसचा, म्हणजे इथेही अर्धवट. बोट लांब समुद्रात गेली की कुठलं राज्य धरायचं यावर काउंटरपाशी दोन काका तावातावाने बोलत होते. मला त्यात पडायचंच नव्हतं, कारण तीन स्टूल सोडून बाबा फ्रेश लाईम सोडा पीत बसलेले आणि त्यांच्यासमोर कुठल्याच राज्याचा कायदा चालत नाही.

मग जेवणाच्या वेळी आईने सूत्रं हातात घेतली. बुफेत मी डाळ कुठली आणि सूप कुठलं ते झाकणं उघडून बघत होतो, तेवढ्यात मागून आईचा तो आवाज आला, जो ती फक्त परक्यांशी बोलताना काढते. बघतो तर एका टेबलावर चार-पाच जण बसलेत, सगळे माझ्या वयाचे, बहुतेक भावंडं नाहीतर मित्र, आणि आई हातात पापडाची डिश घेऊन त्यांच्यावर वाकलीय.

"अरे बाळांनो, तुम्ही सगळे एकत्र का? आमच्या ह्याला जरा घ्या ना तुमच्यात. सकाळपासून कोणाशी बोलला नाहीये. लाजतो तो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका हातात डाव, दुसऱ्या हातात झाकण. एक जण सभ्यपणे म्हणाला, हो काकू, नक्की, या ना दादा. दादा! तो दाढी-मिशीसकट माझ्याच वयाचा. मी डाळ पण घेतली नाही, तसाच दह्याच्या काउंटरकडे गेलो आणि दहीभात खाऊन उठलो.

पण आई थांबते थोडीच. गोड घ्यायच्या रांगेत तिने पुढच्या बाईंना विचारलं, कुठले तुम्ही? ठाणे. ठाण्यात कुठे? घोडबंदर, हिरानंदानी इस्टेट. झालं. एवढा समुद्र पार करून निघालो आणि आईला भेटलं कोण तर कापूरबावडीच्या पलीकडचं. मागच्या बाई वाशीच्या, त्यांची बहीण डोंबिवलीची. त्या वाशीच्या बाई म्हणजे आत्या, आणि पलीकडे प्लेटमध्ये तोंड घालून बसलेली ती लाडकी. आयांनी तिथल्या तिथे केबिन नंबर एकमेकींना दिले, कारण बाबांच्या यूट्यूबनुसार केबिनमधून केबिनला फोन फुकट असतो. हे फुकट प्रकरण पुढे फार महागात पडलं.

रात्री डीजे होता. गेलो. फ्लोअरवर एकही माणूस चाळिशीच्या आत नव्हता. काकांच्या एका ग्रुपने गोल करून मधे एका काकांना घेतलं होतं, ते काका गुडघ्यावर बसून नाचत होते आणि मग त्यांना उठवायला दोघं लागले. आमची पिढी भिंतीला लागून उभी, प्रत्येकाच्या हातात कोणाची तरी पर्स. खरंच सांगतो, पर्सच. मी पण दोन सांभाळत होतो, एकीत आजीच्या गोळ्या आणि आवळा सुपारी.

साडेबाराच्या सुमाराला केबिनमध्ये आलो. केबिनला खिडकी नाही. माझा बेड छतातून खाली ओढून काढतात, त्यावर शिडीने चढायचं आणि उठून बसायचं नाही, बसलात तर कपाळमोक्ष. खाली बाबा. बाबांचं घोरणं ठाण्याच्या घरी दोन दारांआड असतं, इथे माझ्या पाठीखाली, आणि भिंती लोखंडी असल्यामुळे आवाज कुठे मुरतच नाही. थोडा वेळ मी बाबांचा श्वास आणि इंजिनची घरघर वेगळी काढायचा प्रयत्न केला, मग चपला हातात घेऊन बाहेर पडलो.

आणि वर डेकवर येऊन बघतो तर काय, अख्खी पिढी तिथे.

सगळ्यांचे वडील घोरत होते. वाशीवाली, तिचा डोंबिवलीचा आतेभाऊ जो सीएची आर्टिकलशिप करतोय, हिरानंदानीवाला, ते बुफेवाले दादा म्हणणारे, सगळे आपापल्या केबिनमधून हाकलले गेलेले. आणि सगळे एकाच बाजूच्या कठड्याला. कारण मुंबईहून खाली निघालं की कोकण किनारा डाव्या हाताला, बोटीच्या भाषेत पोर्ट साईडला, म्हणजे रेंज आलीच तर त्याच बाजूने येणार. उजव्या बाजूला थेट अरबस्तान, तिथे एक चिटपाखरू नव्हतं. फोन वर धरून लोक इकडून तिकडे फिरत होते. मधेच कोणीतरी ओरडायचं, एक काडी आली, की सगळे तिकडे, तोपर्यंत काडी गेलेली. हिरानंदानीवाल्याच्या बापाने वायफायचं पॅकेज घेऊन दिलेलं, पण एका डिव्हाईसपुरतं. मग त्याच्या एका फोनवर पाळीपाळीने सगळ्यांनी आपापलं इन्स्टा उघडलं, नाव टाका, पासवर्ड टाका, बघा, लॉगआऊट करा, पुढचा. त्याला स्वतःला काही बघायला मिळालं नाही, पण त्या रात्री त्याच्याइतका मान कॅप्टनला पण नसेल.

गप्पा म्हणाल तर काय, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस बोलावतात, ऐरोलीहून सुटल्यावर ठाण्याची लोकल पकडायची का रिक्षा, घोडबंदरला मेट्रोच्या कामाने काय वाट लावली. भर समुद्रात, वारा तोंडावर, डोक्यावर एवढे तारे, आणि आम्ही माजिवड्याच्या सिग्नलवर बोलतोय. पण बरं वाटत होतं हो. पर्स नव्हती कोणाच्या हातात. वाशीवालीने टी-शर्ट उलटा घातला होता, लेबल बाहेर, आणि म्हणाली की मुद्दाम घातलाय.

कोणीतरी मॅप उघडला. जीपीएसला रेंज लागत नाही, मॅप आधी उतरवून ठेवला असला की झालं, तो निळा ठिपका पाण्यात बरोबर सरकत होता. जैतापूरच्या समोर होतो. रात्रीचे दोन.

इकडे केबिनमध्ये आई पाणी प्यायला उठली. वरचा बेड रिकामा. कोणीही शहाणा माणूस म्हणेल मुलगा चोवीसचा आहे, आला असेल कंटाळा, येईल. आईने फोन उचलला आणि हिरानंदानीला लावला. "आमचा तुमच्याकडे आहे का?" त्या बाईंनी झोपेत वर पाहिलं तर त्यांचाही नाही. त्यांनी वाशीला लावला. वाशीने डोंबिवलीला. फुकट फोन!

लिफ्ट उघडली आणि त्यातून चौघी बाहेर आल्या, गाऊनवर ओढण्या, केसांना क्लचर, एकीच्या हातात बॅटरी, आणि सगळ्यात पुढे काठी टेकत आजी, लाईफ जॅकेटसह. आम्ही बारा-तेरा पदवीधर कठड्याला पाठ लावून उभे. कोणाच्या हातात काही नाही, हिरानंदानीवाल्याच्या हातात फक्त चकली, ती पण त्याच्या आईनेच केलेली.

"इथे काय करताय?"

"रेंज शोधतोय," डोंबिवली म्हणाला.

आईने आजूबाजूला पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "हवा किती छान आहे गं इथे." आणि बसली. आमच्या खुर्चीवर. बाकीच्याही बसल्या. चकली त्यांच्याकडे गेली.

मी आजीला ठिपका दाखवला, म्हटलं, बघ, हे जैतापूर. तिचं माहेर त्याच खाडीतलं. तिने फोनकडे बघितलंच नाही, सरळ अंधारात त्या दिशेला बघून सांगायला लागली, भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, डेकवर वाकळ टाकायची ज्याला जिथे जागा मिळेल तिथे, कोणाच्या पायाशी कोणाचं डोकं, कोणाकडे कोंबड्या, कोणी ओकतंय, कोणी भजन म्हणतंय, आणि सकाळी मोठी बोट बंदरात लागायची नाही म्हणून लांबच उभी राहायची आणि पडावात उतरवायचे माणसांना, हात धरून, लाट वर आली की पाय टाकायचा. "आणि तुमच्यासारखं बाळांनो कोणी ओळख करून द्यायला लागायचं नाही," असं म्हणून तिने आईकडे बघितलं. आई चकली खात होती. वाशीवाली आजीच्या शेजारी मांडी घालून बसली आणि विचारायला लागली की मग ओळखी व्हायच्या का? "न होऊन सांगतात कोणाला," आजी म्हणाली, "तुझ्या पायावर त्याचं डोकं रात्रभर!"

गोव्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुरगाव बंदर, बस, देवळं, काजू, बस, बंदर.

परतीच्या रात्री किनारा उजव्या हाताला असणार म्हणून आम्ही दुपारीच ठरवून ठेवलं, साडेबारा, स्टारबोर्ड साईड, वडील झोपल्यावर. बरोबर साडेबाराला पोचलो. कठड्याशी चौघी आधीच बसलेल्या, पत्ते पिसून झालेले, मेंढीकोट सुरू, बाजूला थर्मास, आणि अजून दोन-तीन नव्या बायका ओळख काढून घेतलेल्या, त्यातल्या एक ऐरोलीच्याच. आजीच्या भोवती वाशीवाली आणि ते दादावाले. आईने मान वर न करता मला सांगितलं की जरा केबिनमधून माझी शाल आण, आणि येताना आवळा सुपारी.

बॅलार्ड पिअरला फोनला फुल रेंज आली तेव्हा दोन ग्रुप झाले, आमचा आणि आयांचा. आमच्या ग्रुपवर एकदा तलावपाळीला भेटायचं ठरलं होतं, पण वाशीला लांब पडत होतं, डोंबिवलीची परीक्षा होती आणि हिरानंदानी म्हणाला की कापूरबावडी पार करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात आपली बोट रत्नागिरीपर्यंत गेली होती. आयांचं मात्र गडकरीला नाटक बघून झालं, आमच्याकडे हळदीकुंकू झालं, आणि कालच आई म्हणाली की पुढच्या दिवाळीत पुन्हा निघायचं ठरतंय, या वेळी सगळ्यांच्या केबिन लागून घ्यायच्या, म्हणजे रात्री फोन करत बसायला नको.