दहा रुपयांचं तिकीट आणि अडीचशेचा दंड

मंगळवारी संध्याकाळी रेल्वेला 260 रुपये भरून आले. भाडं 10, दंड 250. पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली आहे. नवरा म्हणतो, फ्रेम करून घे.

आधी माझी चूक सांगून टाकते. पास रविवारी संपला होता आणि ते मला कळलं हॉल्टवर, म्हणजे आमच्या छोट्या थांब्यावर, जाऊन उभी राहिल्यावर. मी राहते वास्कोत, नोकरी एका गावातल्या पतसंस्थेत. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दाबोळी आणि मडगाव यांच्या मधलं कुठलंतरी समजा. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला माडांतली घरं, आणि मध्ये हा फलाट. फलाट म्हणायचं आपलं. रुळाच्याच पातळीला आहे, त्यामुळे डब्याची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. मासे विकून परतणाऱ्या बायका आधी रिकामी पाटी आत सरकवतात, मग दांड्याला धरून स्वतःला वर ओढतात. आतलं कोणीतरी हात देतंच. पिवळ्या बोर्डावर समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र रंगवलेली आहे. म्हणजे ती मोजायला एकदा तरी रेल्वेचा माणूस इथे येऊन गेला असणार.

स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही, तिकीट खिडकीला कुलूप. वेळापत्रकात नाव आहे म्हणून गाडी थांबते, तीही मिनिटभर.

"मोबाइलवर काढायचं ना!" हे मला आतापर्यंत चार जणांनी ऐकवलं. काढायला गेलेच होते. पण कागदाविना तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभं राहून निघत नाही. टी.सी. दिसल्यावर लोकांनी घाईघाईत तिकीट काढू नये म्हणून ही अट, आणि मोठ्या स्टेशनावर ती बरोबरच आहे. जवळ असाल तर स्टेशनातला क्यूआर कोड स्कॅन करायचा. आमच्याकडे त्याचा कागद खिडकीच्या बाजूला चिकटवलेला होता. दोन पावसाळे खाऊन आता त्यावर राखाडी डाग उरलेत, एका कोपऱ्यात मुंग्यांची ये-जा. मी फोन धरून उभी, कॅमेरा आपला मुंग्या स्कॅन करतोय. तेवढ्यात मागून एका मावशीने विचारलं, "बाये, तिकेट खंय काडपाचें?" त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांना काय सांगणार? रुळांपासून लांब शेतात जाऊन उभं राहायचं म्हणून मी बांधावर उतरले, आणि वळणावर शिट्टी झाली.

वास्कोला टी.सी. दारातच होता. तो काही उर्मट वगैरे नव्हता. म्हणाला, "मॅडम, सगळे हेच सांगतात." खरं असणार. जिथे तिकीट मिळतच नाही तिथले सगळे दुसरं काय सांगतील?

पूर्वी या खिडकीत एक काका बसायचे. रेल्वेचे नोकर नव्हेत, कमिशनवरचे एजंट. मोठ्या स्टेशनावरून पुठ्ठ्याची तिकिटं आणायची, तारखेचा शिक्का मारून विकायची, त्यावर जे काय सुटेल ते त्यांचं. पण प्रत्यक्षात तेच आमचं स्टेशन होते. गाडी लेट असली की शेजारच्या स्टेशनला फोन करून विचारायचे आणि ओरडून सांगायचे, "अर्धा तास आहे, चहा घेऊन या!" दहा-दहा रुपयांच्या तिकिटांवरच्या कमिशनात काय भागणार? एक दिवस ते यायचे थांबले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

माझी खरी तक्रार पुढची आहे, 260 रुपये गेले तर गेले. खिडकी बंद म्हणजे तिथली विक्री शून्य. माझा पास वास्कोच्या खिडकीवर निघतो, तो जमा वास्कोच्या नावावर. बटणांचा फोन असलेली मावशी कुठल्याच वहीत नाही. उद्या कोणी साहेब वातानुकूलित खोलीत बसून तक्ता उघडेल, आमच्या हॉल्टसमोर टिंब टिंब दिसेल, आणि तो म्हणेल, इथे प्रवासीच नाहीत, गाडी कशाला थांबवायची? परवा मी सहज मोजली, संध्याकाळच्या एका गाडीला 18 माणसं चढली. दुकान बंद ठेवायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, हा कुठला हिशेब?

मालगाडीच्या वाघिणी मात्र चोख मोजल्या जातात. त्यात नवल नाही म्हणा, ही लाईन पहिल्यापासून बंदराचीच. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर घाटापलीकडच्या मुलखाला जोडायला ती टाकली, मीटरगेज. ब्रॉडगेज व्हायला 1990 चं दशक उजाडलं. आज बंदरातून कोळसा घाटावर जातो, आमच्या हॉल्टवरून न थांबता. तेव्हा बोर्ड थरथरतो आणि बाकावरची पिशवी धरून ठेवावी लागते. आता त्या बाजूला दुसरा रूळ टाकायचा घाट आहे. 2020 च्या नोव्हेंबरात चांदर गावात लोक रात्रीचे रुळांपाशी जमले ते ह्यालाच विरोध करायला. वेळसांवची माणसंही अजून भांडताहेत. त्या वादात माझं मत काय ते इथल्या मित्रांना ठाऊक आहे, आज त्यात शिरत नाही. एवढंच विचारते, दुसऱ्या रुळाला पैसा आहे तर एका दिव्याला का नाही? पावसाळ्यात संध्याकाळी सातला तिथे मिट्ट काळोख असतो. बायका मोबाइलचा टॉर्च रुळाकडे धरून उभ्या राहतात, ड्रायव्हरला दिसावं म्हणून.

मला सरकता जिना नको, भिंतींवर रंगीत चित्रं नकोत. गावातल्याच एखाद्या मुलीला, नाहीतर बचतगटाला बरं कमिशन देऊन खिडकी द्या. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. एक दिवा लावा आणि तो क्यूआरचा कागद निदान प्लॅस्टिकमध्ये घाला.

दंड भरल्यावर घरी येऊन मी हट्टाने कायदा वाचला. 1989 चा रेल्वे कायदा, कलम 55. तिकीट नसेल तर रेल्वेच्या माणसाची आधी परवानगी घेऊन गाडीत चढता येतं, आणि भाडं नंतर भरण्याच्या अटीवर तो तसा दाखलाही देतो. आमच्या हॉल्टवर रेल्वेचा हाताशी येण्यासारखा माणूस एकच, गार्ड. (2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. पद वाढलं, डबा तोच शेवटचा.) तो शेवटचा डबा फलाट संपल्यावर, झुडपांत उभा राहतो. म्हणजे मिनिटभरात खडीवरून धावत जायचं, कलम सांगायचं, दाखला लिहून घ्यायचा आणि पुन्हा धावत येऊन चढायचं. साडी नेसून.

नवा पास काढलाय, त्यामुळे मला आता गरज नाही. पण त्या मावशीसाठी एकदा करून बघणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी झुडपांपाशी उभी राहीन. तुमच्यापैकी कोणाला असा दाखला कधी मिळाला असेल तर फोटो टाका, तो दिसतो कसा ते तरी बघू दे.