माझ्या व्हिडिओवर बदाम टाकणाऱ्या सगळ्यांसाठी

सकाळपासून मला माझाच व्हिडिओ येतोय. आधी भाचीनं पाठवला, मग सोसायटीच्या ग्रुपवर पडला, मग आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर, आणि दुपारी कराडहून वहिनींचा, 'ह्या तुम्हीच का हो?' असं खाली लिहून. काल संध्याकाळी सांगलीत मैदानावर त्या बँडचा कार्यक्रम झाला ना, त्यातला आहे. जेमतेम दहा-बारा सेकंदांचा. मी डोळे मिटून उभी आहे, मान डोलतेय, एक हात हवेत. गुडघ्याचा पट्टा चुडीदारावरूनही दिसतोय. वर कुणीतरी लिहिलंय, 'आजी फुल्ल ऑन', आणि पुढं बदामांची माळ.

आता तुम्ही म्हणाल, यात चिडायचं काय? कौतुकच केलंय पोरांनी. बरोबर. कौतुकाचाच राग आलाय मला.

आणि सगळ्यात मोठा राग वेगळाच. त्या व्हिडिओमागं त्यांनी भलतंच गाणं लावलंय. मी ज्याच्यावर डोलत होते ते काढून टाकलं आणि कुठलं तरी ढिंच्याक चिकटवलं. म्हणजे माझा हात पडतोय एकीकडं आणि ढोल वाजतोय दुसरीकडं. बघणाऱ्याला काय वाटणार? म्हातारी बेतालात नाचतेय, पण किती गोड! अरे, मी तालातच होते. त्या मैदानावर त्या घडीला तालात असलेल्या मोजक्या माणसांत मी होते, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

झालं असं, की बँडनं मध्येच एक सात मात्रांची चाल धरली. अभंगांना गिटार आणि ड्रम लावून गाणारी पोरं आहेत ती, पण कच्ची नाहीत. बास गिटारवाला तर फारच शहाणा, नको तिथं एक सूर वाजवला नाही त्यानं. तर सात मात्रा. पब्लिकला चारात टाळ्या वाजवायची सवय. दोन आवर्तनांत, म्हणजे सात मात्रा दोनदा फिरेपर्यंत, सगळा घोळ. मी आपली रूपक, म्हणजे सात मात्रांचा ताल, धरून. ती ती ना, धी ना, धी ना. आता ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, की रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, 'खाली'ची, बिनटाळीची असते. पहिल्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला सोडायचा. टाळ्या चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. व्हिडिओत माझा जो हात हवेत दिसतोय ना, ती सम आहे! नाच नाही तो!

हे लिहितानाच हसू आलं. असो. पण राग जायचा नाही.

लहान असताना वडील मला मिरजेच्या उरसाला घेऊन जायचे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याची बैठक असते, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर तिथंच आवारात आहे, आणि त्यांच्या नावानं उरसात गवई हजेरी लावतात. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हंगल, भीमसेन जोशी, सगळे तिथं गाऊन गेले. चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या, पुढं छोटंसं स्टेज, आणि बसणाऱ्यात कोण नाही? तंबाखू मळणारे शेतकरी, डॉक्टर, सतारमेकर गल्लीतले कारागीर, फकीर, आणि त्यांच्यात फ्रॉकमधली मी. वडील ओळखीच्यांशी बोलत कुठं तरी मागं राहिले आणि मी एका म्हाताऱ्या कारागिराशेजारी जाऊन बसले. त्यांच्या हाताला लाखेचा वास येत होता, आणि बोटांची टोकं इतकी चिरलेली की त्या भेगांत काळं साठलेलं. गवई कोण होते ते मला आज आठवत नाही. तंबोरे मात्र आठवतात. बराच वेळ नुसते तंबोरेच लावणं चाललं होतं. त्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडं वाकून विचारलं, "पोरी, लागला का गं पंचम?"

मला! पंचम म्हणजे 'प', तंबोऱ्याची एक तार त्या सुरात लावतात. मला कशाचा पंचम कळतोय. पण त्यांनी विचारलं आणि खरोखर उत्तराची वाट बघत थांबले. मी आपली मान हलवली, नाही म्हणून. ते म्हणाले, "बरोबर. अजून जरा."

आणि मग जवारीचा दोरा कसा असतो ते सांगितलं. तार जिथं टेकते तिथं सुताचा एक धागा तिच्याखाली सरकवतात, तो तिळभर पुढंमागं केला की तार बोलायला लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी पेपरची कात्रणं फिरवली. मला त्या दिवशी ती चिरलेली बोटं आठवली.

तिथं कुणी म्हणालं नाही, 'अगं बाई, केवढीशी पोर गाणं ऐकायला आलीय, किती गोड.' सरकून जागा दिली आणि पंचम विचारला, संपलं. ज्या उरसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो, तिथं कोण कुणाला पाहुणा समजणार?

आणि काल? काल मला आल्याआल्या एक बाउन्सर म्हणाला, "मावशी, तिकडं सोफ्यावर बसा की." पुढं पाहुण्यांसाठी पांढरे सोफे टाकले होते. नगरसेवक, त्यांचे कार्यकर्ते, आणि कार्यक्रम कोणता आहे हेही माहीत नसलेल्या त्यांच्या बायका. मी म्हटलं, बाबा, मी उभ्याचं तिकीट काढलंय. तो म्हणतो, "चालतंय, मी सोडतो तुम्हाला." मी म्हटलं, मला नको चालायला. तिथं बसून फक्त एका बाजूच्या बॉक्सचा दणका कानात जातो. गाणं नीट ऐकायचं असेल तर साउंडवाल्याच्या मांडवाच्या थोडं पुढं, मधोमध उभं राहावं. तो माणूस स्वतःच्या कानानं मिक्सिंग करतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच सगळ्यात बरं असतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, उभं राहून राहून कळलंय. बाउन्सर माझ्याकडं असा बघत राहिला जणू मी वाट चुकून आलेली असून वर त्यालाच रस्ता सांगतेय.

मुलाला घ्यायला आलाय का, हा प्रश्न मला काल दोन वेगवेगळ्या माणसांनी विचारला. घ्यायला! माझा मुलगा बंगळुरूला असतो आणि त्याला गाण्यातलं काही कळत नाही.

बरं, पोरांना तरी का बोलू, आमच्या वयाची माणसं काय कमी आहेत? ग्रुपवर एक महाशय लिहितात, 'हौस दांडगी आहे मॅडमची.' दुसरे, 'आपल्या वयाला भावगीतं बरी.' कुणी ठरवलं? साठी झाली की कानाला कुलूप लावायचं आणि चावी भावगीतांकडं ठेवायची का? भावगीतं मलाही आवडतात, पण म्हणून मी ड्रम ऐकायचा नाही? आणि हेच महाशय भावे नाट्यमंदिरात तिसऱ्या रांगेत बसून विलंबित ख्याल सुरू असताना फोनवर 'मी कार्यक्रमात आहे' असं सगळ्या सभागृहाला सांगतात. आपली पिढी फार सभ्य श्रोता होती वगैरे मला कुणी सांगू नये. खोकणारे, पुड्या उघडणारे, गवयाला मध्येच फर्माईश करणारे आपणच. कालची पोरं निदान गाण्याचा शब्द न् शब्द पाठ करून आली होती.

हो, फोन वर धरून निम्मा कार्यक्रम बघत होती, तेही खरं. माझ्यापुढं एवढे उजेडाचे चौकोन की स्टेज मला कुणाच्या तरी फोनमध्येच दिसत होतं.

पण एक सांगते. त्या सात मात्रांच्या गोंधळात माझ्या डाव्या बाजूला एक पोरगा उभा होता, विशीतला असेल, मनगटाला तो चमकणारा पट्टा, केस बांधलेले. तोही आधी चुकत होता. मग माझ्या हाताकडं बघायला लागला. दोन-तीन आवर्तनं नुसतं बघितलं. मग मांडीवर बोटांनी माझ्याबरोबर सुरू झाला, आणि एकदम थांबून म्हणाला, "काकू, पहिल्याला टाळी का नाही?"

मी म्हटलं, रूपकाची रीतच तशी आहे, सम रिकामी.

"मग पोचलो हे कळतं कसं?"

आता याला त्या आवाजात काय सांगणार! मी म्हटलं, दोन टाळ्या होऊन गेल्या की हात आपोआप सुटतो बघ. तो पुढच्या आवर्तनाला समेवर आला. माझ्याकडं बघितलं पण नाही त्यानं, स्टेजकडं बघत राहिला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. पाणी विचारलं नाही, खुर्ची विचारली नाही, त्यानं मला रूपक विचारला. इतक्या वर्षांत तो पंचमचा प्रश्न मला कितीदा आठवला असेल, पण दुसऱ्या बाजूनं अनुभवायला मिळाला तो काल, एका मॅगी-मंचुरियनच्या वासाच्या मैदानावर.

व्हिडिओ काढणारी मुलगी आमच्या मागं होती म्हणे. तिलाही वाईट काही म्हणायचं नसणार, मान्य. पण बाळे, पुढं यायचंस ना. तूही विचारायचंस. तू फोन धरलास.

आता थोडं आयोजकांना, आणि इथं मी गोड बोलणार नाही. एवढ्या मैदानाला बायकांसाठी प्लास्टिकच्या मोजून चार कोठड्या, त्यातल्या एकीला कडी नाही. हा त्रास फक्त म्हातारीचा नाही, रांगेत सगळ्या वयाच्या पोरी वैतागून उभ्या होत्या. तिकिटाचे पैसे सगळ्यांकडून सारखेच घेता ना? कार्यक्रम साडेपाचचा सांगून आठला सुरू करायचा, आणि दहाला पोलीस आले की गुंडाळायचा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, नवीन आहे का? वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत परवानगी मिळते, ती सणावारांत संपते. त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही, शेजारी दवाखाना असला की कळतं. दुःख मात्र आहे. उत्तररात्रीचे राग आता उघड्यावर कुठं ऐकायचे? आम्ही चिंचेखाली पेंगत पेंगत पहाटेपर्यंत बसायचो. मधूनच त्या म्हाताऱ्यांनी माझ्या अंगावर स्वतःचं उपरणं टाकलं होतं आणि भैरवीला हलवून उठवलं होतं, "उठ, हे झोपेत ऐकायचं नाही." आजच्या पोरांना ललत किंवा भटियार ऐकायचा तर संध्याकाळी सातला एसी हॉलमध्ये, नाहीतर यूट्यूबवर. त्यांचा काय दोष? पहाटच काढून घेतली त्यांची. त्यामुळं त्यांना जे मैदान मिळतंय तिथं ती उड्या मारतात, मारू देत.

कानाबद्दल काळजी करणाऱ्या वहिनींना: मी कापसाचे बोळे नाही, फोमचे प्लग घालते. कानाच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. वय वाढलं की वरच्या पट्टीचे बारीक आवाज आधी जातात, खर्ज, म्हणजे खालचे जाड आवाज, शेवटपर्यंत राहतो. म्हणजे झांजांची किणकिण मला आता तितकी येत नाही, बास मात्र छातीत वाजतो. बँड ऐकायला उलट हेच वय बरं! गंमत सोडा, पण बॉक्सला चिकटून उभ्या राहणाऱ्या पोरांनो, त्या दोन रुपयांच्या फोमवर हसू नका. रात्रभर कानात शिट्टी वाजत असेल तर ती फुकट नसते.

आणि 'शोभतं का' विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. वारीत ऐंशीच्या म्हाताऱ्या फुगड्या घालतात तेव्हा तुम्ही हात जोडता. मी तोच अभंग ऐकत उभी होते, फक्त शेजारी ड्रम होता.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात हाच बँड कोल्हापुरात आहे, मी तिकीट काढलंय. गाडी मी नेणार, दोन जागा रिकाम्या. चारला विश्रामबागेतून निघू, येताना जयसिंगपुरात जेवू, डिझेल वाटून घ्यायचं. उभंच राहायचंय, सोफा मागायचा नाही. आणि गाणं सुरू असताना ज्यांना सुनेबद्दल बोलायचं असतं त्यांनी कृपा करून एसटीनं यावं.