आरेवारेचा रस्ता सरावासाठी नाही

परवा रात्री भाच्याने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "मामा, शनिवारी पहाटे आरेवारेच्या किनारी रस्त्यावर जाऊ का?" ‘पहिल्यांदा ट्रॅक डेला जाताय? हे वाचा’ असा तो मेसेज रत्नागिरीतल्या गाडीवेड्या पोरांमध्ये आठवडाभर फिरतोय. ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या बंद ट्रॅकवर आपलीच गाडी वेगात चालवायचा दिवस. त्यातले सल्ले चार: आधी किनाऱ्याच्या रस्त्यावर पहाटे वेगात सराव करा, ताकदवान गाडी नसेल तर जाऊच नका, ब्रेक ऑइल आहे तेच चालतं, आणि ट्रॅकवर विमा मिळत नाही.

पहिला सल्ला जीवघेणा आहे. म्हणे पहाटे रस्ता रिकामा असतो! पहाटे पाचला मासळीचे टेम्पो निघालेले असतात. त्यांच्यातलं बर्फाचं पाणी नेमकं वळणावर सांडतं, कारण टेम्पो तिथेच कलतो. त्या ओल्या पट्ट्यावर दरडीतून आलेली जांभ्याची बारीक खडी. पुढे उबेला रस्त्यातच बसलेली गुरं. वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि खाली थेट समुद्र.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून शिकणार काय? ट्रॅकवर पहिल्यांदा शिकवतात ती वळणाची रेषा. बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर, सगळी रुंदी वापरून. आरेवारेला सगळी रुंदी वापरायची म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जायचं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते, मार्शल झेंडे घेऊन उभे असतात.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर कैद १ वर्षापर्यंत. ‘मी एकटाच होतो’ म्हणाल, तर धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ आहेच.

ताकदवान गाडीचं म्हणाल तर आपल्याकडे वर्षानुवर्षं एस्टीम आणि पोलोच्या शर्यती झाल्या आहेत. स्विफ्ट भरपूर झाली.

ब्रेक ऑइलचा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे, हसून सोडून देण्यासारखा नाही. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते आणि पाय थेट तळाला जातो. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला चौथ्या फेरीत हेच झालं. तीन वर्षं मी ऑइल बदललं नव्हतं. काढलं तेव्हा कोऱ्या चहासारखं निघालं.

विम्याचं बरंचसं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. पण म्हणून वेगचाचणी रस्त्यावर केली तर विमा कंपनी हसत पैसे देईल, असं कुठे लिहिलंय?

तेव्हा बाळा, शनिवारी पहाटे ये, पण माझ्याकडे. आधी ऑइल बदलू, मग तळेगावजवळच्या नानोलीच्या ट्रॅकवर कधी जागा मिळते ते विचारू. माझं हेल्मेट तुला बसतं का तेही बघ.