ई नंबरवाला तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

चवथीचं सामान भरायला सुरुवात झाली तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, परवा फोंड्याच्या मावशीनेही तोच टाकला आणि खाली लिहिलं, "पोरांना पाकिटातलं काही देऊ नका गो." ई नंबर म्हणजे पाकिटावर घटकांच्या यादीत असतात ते रंग, आंबटी, टिकवायचे पदार्थ वगैरेंचे नंबर. मेसेजात चार गोष्टी आहेत: सगळे ई नंबर म्हणजे डुकराची चरबी, 330 ने कॅन्सर होतो, गम म्हणजे तेलाच्या विहिरीत ओततात तो गोंद, आणि चिप्समधलं 319 म्हणजे पेट्रोल. मावशी, तुझी काळजी खरी आहे, पण मेसेज बहुतेक चुकीचा आहे.

चरबीचं आधी. 100 म्हणजे हळदीतला पिवळा रंग, 300 म्हणजे व्हिटॅमिन सी, 440 म्हणजे पेक्टिन. आई पेराद (पेरूची वडी) करते ना, पेरवाचा गर आणि साखर तासभर ढवळत बसते आणि मग अचानक तो गोळा कढईचे काठ सोडायला लागतो, ते फळातल्या पेक्टिनमुळेच, साखर आणि लिंबाची आंबटी मिळाली की ते धरतं. आता 471 मात्र झाडाच्या तेलातूनही येतं आणि प्राण्याच्या चरबीतूनही, आणि 120 हा लाल रंग किड्यांपासूनच काढतात, तेव्हा शंका असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायचा, तो त्यासाठीच आहे.

330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. ही अफवा माझ्यापेक्षा जुनी आहे, 1976 च्या सुमारास फ्रान्समध्ये एक पत्रक निघालं, त्यात पॅरिसजवळच्या व्हिलझ्वीफच्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव घालून 330 ला सगळ्यात घातक ठरवलं होतं, हॉस्पिटलने आमचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं तरी लोक झेरॉक्स काढून वाटत राहिले. गोंधळ बहुतेक नावावरून झाला असावा, कारण शरीरात अन्नापासून शक्ती तयार होते त्या साखळीत सायट्रिक ॲसिड असतं, तिला हान्स क्रेब्स या शास्त्रज्ञावरून क्रेब्स सायकल म्हणतात, आणि जर्मनमध्ये क्रेब्स म्हणजे खेकडा आणि कॅन्सरसुद्धा!

गम 412 म्हणजे गवारीच्या बियांचं पीठ, आपण भाजी करतो तीच गवार, राजस्थानात मोप पिकते. तेलाच्या विहिरीत वापरतात हे खरंय, पण त्याने पाणी दाट होतं म्हणून, विषारी आहे म्हणून नाही. घरी काढलेला नारळाचा रस रात्रभर ठेवला तर सकाळी वर साय आणि खाली पाणी असं होतं, विकतच्या रसात असला चिमूटभर गम असला की तो लवकर फुटत नाही.

319 वर मात्र मी जास्त वेळ घालवला, कारण यात थोडं तथ्य आहे. 319 म्हणजे टीबीएचक्यू, हे कारखान्यात बनवलेलं केमिकल आहे, कच्चा माल पेट्रोलियमचा असतो, पण तयार होतं ते पेट्रोल नव्हे, वेगळाच पदार्थ आहे. काम एकच, तेल हवेने खवट होऊ न देणं. तेलात किलोमागे जास्तीत जास्त 200 मिलिग्रॅम चालतं. 50 ग्रॅमच्या चिप्समध्ये साधारण 17 ग्रॅम तेल धरलं तर फार तर साडेतीन मिलिग्रॅम होतं, आणि 60 किलोच्या माणसाला रोजची मर्यादा 42 मिलिग्रॅम आहे, म्हणजे बारा पाकिटं! पोराची मर्यादा वजनाप्रमाणे कमी, 20 किलोच्याला 14 मिलिग्रॅम, तरी चार पाकिटं होतात, आणि त्याच्या कितीतरी आधी मीठ आणि तेलच त्रास देईल, म्हणून चिप्स कमी द्यायच्या हे तुझं म्हणणं मला पटतं, कारण तेवढं वेगळं आहे.

सगळंच निर्धास्त खा असंही मी म्हणत नाही. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट 2016 साली आपल्याकडे बंदच केलं, ते योग्यच केलं. आणि मावशी, तुझ्या नातवाला दमा आहे, तर त्याच्यासाठी सुके जर्दाळू घेताना पाकिटावर 220 ते 228 मधला नंबर आहे का तेवढं बघ, ते सल्फाइट असतं आणि दम्याच्या काही लोकांना त्याने खरंच धाप लागते.