कोथरूडच्या मुलीने जायचं कुठे?

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब यांवर खातं ठेवता येत नाही. तेव्हापासून पुण्यातली बहीण, तिच्या सोसायटीतल्या आया, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्याजणी एकच विचारतात: तुमच्याकडे झालं, आपल्याकडे कधी? फोटोला उभं राहायचं म्हटलं की खोलीत निघून जाणारी, 'मी जाडी झालेय' म्हणून भरलेला डबा परत आणणारी मुलं त्यांच्या घरात आहेत. त्यांची काळजी खरी आहे. मी मेलबर्नच्या पश्चिम भागात राहते. माझी मुलगी इथे नववीत आहे, भाची कोथरूडला दहावीत. दोघींकडे पाहून मला वाटतं, पुण्याने ऑस्ट्रेलियाकडून काही घ्यायचंच असेल तर बंदीच्या आधी दुसरी एक गोष्ट घ्यावी.

बंदीला माझा विरोध नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचं कंपनीच्याच संशोधनात होतं. इथल्या कायद्यात दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना नाही. हे मला योग्य वाटतं. पण भारताने एक बंदी आधीच करून पाहिली आहे. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. मुलं तिकडे गेली. तेच फिल्टर, तशाच कंबरा.

शिवाय इथल्या बंदीत व्हॉट्सॲप नाही. माझ्या भाचीला तिच्या अंगावरून सगळ्यात जास्त ऐकावं लागलंय ते फॅमिली ग्रुपवर. एका मुंजीचे फोटो पडले आणि तासाभरात 'आईपेक्षा मोठी दिसते की', 'जेवण कमी करा हिचं', पुढे हसणारे चेहरे. लिहिणारी सगळी तिच्यावर माया करणारी माणसं. कार्यालयात पंगतीला बसलं की हेच तोंडावर: किती सुटलीस, किती वाळलीस, उन्हात रापलीस. आठवीतल्या मुलीच्या ओठावरची लवसुद्धा काकूंच्या नजरेतून सुटत नाही. मुलग्यांना उंचीवरून, दाढी न येण्यावरून, बारीक दंडांवरून ऐकवतात. त्यातले काही सोळाव्या वर्षी जिममधल्या कुणाच्या तरी सल्ल्याने प्रोटीनचे डबे आणतात, आणि घरचे 'व्यायाम तरी करतोय' म्हणून खूश असतात. मुलग्यांचं हे दुखणं फारच कमी ओळखलं जातं. कुठलाही कायदा हे थांबवणार नाही. ते आपल्यालाच थांबवावं लागेल.

यावर पुण्यातून हमखास येणारं उत्तर असं: लठ्ठपणा वाढतोय, मधुमेह वाढतोय, मग मुलांना बोलायचंच नाही का? त्याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे नुसतं बघून, किंवा वजनकाट्यावरून, कोणाची तब्येत कशी हे सांगता येत नाही. बारीक दिसणाऱ्या मुलालाही मधुमेहाचा धोका असू शकतो, आणि अंगाने भरलेली मुलगी उपासमार करून स्वतःचं नुकसान करून घेत असू शकते. वजनावरून टोमणे खाल्लेल्या मुलांचं वजन पुढे बऱ्याचदा वाढतंच, आणि खाण्याचे आजारही त्यांच्यात अधिक दिसतात. काळजी तब्येतीचीच असेल तर घरातल्या सगळ्यांचंच ताट आणि सगळ्यांचंच चालणं-फिरणं बदलावं. एका मुलीच्या पोळ्या मोजू नयेत.

आता ती दुसरी गोष्ट. इथे 'हेडस्पेस' नावाची केंद्रं आहेत, १२ ते २५ वयाच्या मुलांसाठी. २००६ मध्ये सुरुवात झाली, मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी यांचा त्यात मोठा वाटा. आज देशभर दीडशेहून जास्त केंद्रं आहेत. आमच्या जवळचं वेरिबीला आहे. दुकानासारखी मोठी काच, आत सोफे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत किंवा थोडेच लागतात. मुलीने आत जाऊन 'मला कुणाशी तरी बोलायचंय' एवढं म्हटलं तरी पुरतं. आजार गंभीर असेल तर फॅमिली डॉक्टर योजना आखून देतो. खाण्याच्या आजारांसाठी नोव्हेंबर २०१९ पासून वर्षाला ४० पर्यंत मानसोपचाराच्या भेटींना सरकारी मदत मिळते. सगळं गोड नाही. रांगा लांब असतात, काही मुलांना आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं, आणि खाजगी मानसतज्ज्ञाचा वरचा खर्च अनेकांना झेपत नाही. पण माझ्या मुलीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते केंद्र कुठे आहे हे माहीत आहे. कोथरूडच्या मुलीने जायचं कुठे, हे तिच्या आईलाही माहीत नसतं.

आणि खरं तर जायला जागा आहेत. ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी १०९८ आहे. पण 'येरवड्याला (म्हणजे मनोरुग्णालयात) पाठवायची वेळ आली' असं सहज बोलणाऱ्या घरात वाढलेली मुलगी यातलं काही आपणहून विचारेल कशी? आपणच तिला सांगायला हवं, तेही ती बरी असताना, बसचा नंबर सांगावा इतक्या साधेपणाने.

घरात करण्यासारखं एवढंच: तिने 'मी कुरूप आहे' म्हटलं की लगेच 'छे, किती छान दिसतेस' म्हणू नका. विषय तिथेच संपतो आणि ती पुन्हा काढत नाही. कधीपासून असं वाटतंय, कुणी काही बोललं का, हे विचारा आणि ती बोलत असताना गप्प बसा. जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, उन्हाळ्यातही ढगळ कपडे, केस गळणं, सतत थंडी वाजणं, चक्कर, पाळी थांबणं, यातलं काही दिसलं तर समुपदेशनाची वाट न पाहता आधी डॉक्टरकडे न्या. खाण्याचे आजार जीवावर बेततात, आणि वजन नॉर्मल असतानाही होतात.

शाळांचं मात्र पालकांनी मनावर घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. क्लासेसनाही हे निर्देश लागू आहेत. माझ्या भाचीच्या शाळेत समुपदेशक आहेत. त्या दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे सांगतात, आणि त्यांची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून आहे. तिथे कोणती मुलगी रडायला जाईल? बंदीच्या निवेदनावर सह्या गोळा करणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की जूनच्या पहिल्या पालकसभेत एवढं विचारा: समुपदेशक आठवड्यातून किती दिवस असतात, मुलांनी वर्गशिक्षकांना न सांगता त्यांच्याकडे कसं जायचं, आणि तिथे बोललेलं कुणाकुणाला कळतं?