तीस दिवस राबलो म्हणून वर्षभर रोजगार धरता?

परवा पारावर एका पाहुण्याने मोबाईल पुढे केला. ग्रामीण भारतात बेरोजगारी 2.5 टक्के, 2023-24 च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणाचा आकडा. वर म्हणतो, "बघा, कामं आहेत. तुम्हा पोरांनाच करायची नाहीत." तेव्हापासून डोकं नुसतं पेटलंय.

मी केज तालुक्यातला, जिल्हा बीड. बीएस्सी होऊन घरी आहे. अडीच एकर कोरडवाहू, सगळी सोयाबीन. पेरणीला, खुरपणीला, काढणीला वडिलांसोबत रानात असतो. मजुरी कुणी कुणाला द्यायची? 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास भाव फुटत होता. पण त्या सर्वेक्षणाच्या लेखी मी बेरोजगार नाहीच! घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही स्वयंरोजगारातच मोजतात. बाकी वर्षभर कामासाठी वणवण केली, पण मध्ये कुठे 30 दिवस हाताला काम लागलं, तरी वर्षभराच्या, म्हणजे 'नेहमीच्या' मोजणीत गडी कामाला लागलेला. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांतला एक तास पुरतो. एक तास! शेळ्यांना पाला आणायलाच तेवढा जातो.

मग सगळे बाया पुढे आल्या म्हणून सांगतात. खेड्यातल्या पंधरा वर्षं आणि वरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 ला 24.6 टक्के होत्या, 2023-24 ला 47.6 झाल्या. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच रानात खुरपतेय. तिच्या हातात तेव्हाही पैसा नव्हता, आताही नाही. वाढलेल्या आकड्यात मोठा भाग अशाच घरच्या रानात, घरच्या धंद्यात राबणाऱ्या बायांचा आहे. यात आनंद कसला मानायचा?

आमच्या शेजारच्या घराला दिवाळीपासून कुलूप असतं. नवरा-बायको मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात उतरायचं, थंडीत पाचटाने हात चिरायचे, आणि गाडी रात्री आली तर रात्री मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवर चढायचं. मार्च-एप्रिलला परत येतात तेव्हा बऱ्याचदा उचल फिटलेली नसते. ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. हेही रोजगारातच. गावात मागे राहते म्हातारी आणि शाळेतली दोन पोरं. आणि पारावर बसून लोक म्हणतात कामं आहेत!

कामं आहेत तर 2023 च्या तलाठी भरतीला चार हजार सहाशेच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले कुठून? मीही हजार रुपये फी भरली होती. ते हजार रुपये आईने शेळीचं बोकड विकून दिले होते, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

सगळ्यात जास्त चीड रोजगार हमीची येते. काम मागणं हा हक्क, आणि त्याचा कायदा आधी आपल्या महाराष्ट्राने केला, 1977 ला. पुढे 2005 चा केंद्राचा कायदा आला. त्यात अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता, असं लिहिलेलं होतं. 2024 च्या मे महिन्यात आम्ही अकरा जण नमुना चार, म्हणजे काम मागणीचा अर्ज, भरून कार्यालयात गेलो. विहिरी आटलेल्या, रानात काडीचं काम नाही. टेबलापलीकडच्या माणसाने कागद घेतले, ड्रॉवरमध्ये टाकले. पोच मागितली तर म्हणे, "पोच कशाला, काम निघालं की सांगू." अरे, पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? भत्ता मागायचा कशाच्या जोरावर? एक आजीबाई तर सहा किलोमीटर चालत आल्या होत्या. त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

काम शेवटपर्यंत निघालं नाही. आम्ही भर उन्हात अकरा जण तिथे उभे होतो, आणि त्या दिवशी काम मागितल्याचा आमच्यापैकी एकाच्याही हातात कागद नाही.