शुक्रवारचं पापलेट

आज संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रुसाच्या प्रवासाची प्रार्थना, आटोपून आम्ही एका नातेवाइकांकडे गेलो. जेवूनच जा म्हणाले, थांबलो. टेबलावर भरलेलं पापलेट, कोळंबीची बिर्याणी, तळलेले बोंबील. वर यजमान समाधानाने म्हणतात, "शुक्रवार ना आज, म्हणून मटण ठेवलं नाही. उपवासकाळ पाळायला हवा."

तेव्हापासून डोकं ठणकतंय.

नियम मोडला नाही, कबूल. आम्हा कॅथलिकांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते. पण आपण वसईची माणसं आहोत. कोंबडी स्वस्त की पापलेट, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ऑफिसात मैत्रिणी साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारताना स्वतःच म्हणतात, एकादशी आणि दुप्पट खाशी. आज ती म्हण मला आपल्याच टेबलावर दिसली.

माझी आजी उपवासकाळातल्या शुक्रवारी दुपारी नुसती पेज प्यायची. लाल लुगड्यातली, वाडीत राबून हात खरबरीत झालेली बाई. घरात रोज सहा भाकऱ्या व्हायच्या. शुक्रवारीही सहाच. पीठ मूठभरही कमी घ्यायची नाही. सहावी भाकरी आणि वाटीभर कालवण ताटात घालायची, वर केळीचं पान झाकायची आणि मला बांधावरच्या झोपडीत धाडायची. तिथे वाडीवर कामाला येणारी एक आदिवासी बाई राहायची, दोन लहान पोरं घेऊन. मी आठ वर्षांची असेन. विचारलं, "तू का नाही खात?" म्हणाली, "माझी भाकरी आज तिच्या घरची."

बस्स. तिने बायबलमधला यशयाचा ५८वा अध्याय कधी वाचला नव्हता, तिला वाचताच येत नव्हतं. तिथे हेच लिहिलंय: मला हवा तो उपवास म्हणजे तुझी भाकरी भुकेल्याला वाटून देणं.

आणि आपण? १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले. आता सक्तीचा उपवास वर्षातून दोनच दिवस, उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही १८ ते ५९ वयाच्या माणसांना, त्यातही एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं चालतं. सक्ती कमी केली ती माणसाने आपणहून प्रार्थना करावी, दानधर्म करावा म्हणून. आपण सवलत तेवढी घेतली आणि बाकीचं सोडून दिलं. वजन उतरवायला सोळा सोळा तास उपाशी राहतो, मोबाइलवर तास मोजतो. देवासाठी दोन दिवस म्हटलं की लगेच ॲसिडिटी आठवते!

आजारी माणसांबद्दल, बाळंतिणींबद्दल मी बोलत नाहीये. त्यांनी खावंच. ख्रिस्ताने उपवास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना दाखवू नका असं सांगितलंय, तेव्हा कोण गुपचूप काय करतं ते मला दिसत नसेल, हेही खरं. पण आजीला तर धर्माच्या कायद्याने सूटच होती. साठी केव्हाच उलटली होती तिची.

हे लिहिताना राग जरा उतरला. कारण ते पापलेट मीही खाल्लंय. नको म्हणायला जीभ उचलली नाही, नातेवाइकांच्या घरी वाईट दिसतं म्हणून. निघताना खाली पाहिलं, तर बिल्डिंगचा वॉचमन स्टुलावर बसून बिस्किटाचा पुडा फोडत होता. वर टेबलावर अर्धी बिर्याणी उरली होती. मला सुचलं नाही. आठ वर्षांची असताना ताट घेऊन बांधावरून धावत जायचे, आणि आज बाजूने निघून आले.

आता कोण भुकेलं आहे वसईत, असं कुणीतरी विचारेलच. बांध गेले, झोपडी गेली, तिथे टॉवर उभे राहिले. ते टॉवर बांधणारे कुठे जेवतात, ते एकदा सकाळी जाऊन बघा.

एक सांगायचं राहिलं. ती बाई आजीचं ताट कधी रिकामं परत करायची नाही. घरात काही नसलं तर चिंचेचे चार आकडे तरी त्यात ठेवायची. आजी ते पदराने पुसायची, फळीवर ठेवायची आणि शनिवारच्या कालवणात घालायची.